हायब्रिड सोडून कंपन्यांनी फक्त विजेच्याच गाड्या कराव्यात का? सातारा-सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची गाडी रात्री रस्त्याकडेला उभी असते. तासगावच्या मळ्यात ती घराच्या ओसरीला लागून उभी असते. खालची बहुतेक उत्तरं याच फरकावरून ठरतात, म्हणून वाचण्याआधी आपली गाडी रात्री कुठे असते आणि तिथून विजेचा मीटर किती लांब आहे, ते मनात धरून ठेवा.

हायब्रिड म्हणून जे विकलं जातं, ते सगळं हायब्रिडच असतं का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच आहे. हायब्रिड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी एक छोटी मोटर असते. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि पिकअपला थोडा हात देणं, एवढंच तिचं काम. एकटी ती गाडी हलवू शकत नाही.

स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर चाकाला जोडलेली असते आणि इंजिन बंद ठेवून गाडी चालते. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि १७७.६ व्होल्टची, जेमतेम पाऊण युनिट वीज मावणारी बॅटरी आहे. ती बाहेरून चार्ज करायची सोयच नाही. इंजिन आणि ब्रेक यांच्यावरच ती भरते. तिसरा प्रकार प्लग-इन हायब्रिडचा: बॅटरी मोठी, घरी प्लग लावता येतो, शिवाय पेट्रोलही. आपल्याकडे हा प्रकार महागड्या गाड्यांपुरताच उरला आहे.

शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन बंद असताना गाडी पुढे जाते का? उत्तर देताना सेल्समन घुटमळला, तर ती माइल्ड आहे.

मग थेट सांगा, कंपन्यांनी हायब्रिड सोडावी का?

माइल्ड हायब्रिड नावाची पाटी आजच काढावी. स्ट्राँग हायब्रिड अजून काही वर्षं राहावी, पण लांब पल्ल्याच्या मोठ्या गाड्यांत. चार मीटरच्या आतल्या गाडीत हायब्रिडच्या वाटेला न जाता सरळ वीज आणावी. छोटी गाडी दिवसाला ३०-४० किलोमीटर फिरते. तिच्यात इंजिन, गिअर, दोन मोटरी, इन्व्हर्टर आणि बॅटरी असा दुहेरी संसार कोंबला तर किंमत वाढते आणि डिकीची जागा जाते.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिड मिळते ती ग्रँड व्हिटारा, हायरायडर, होंडा सिटी, इनोव्हा हायक्रॉस अशा मोठ्या गाड्यांत. ती घेणाऱ्याकडे बहुधा बंगला, पोर्च आणि स्वतःचा मीटर असतो, म्हणजे घरी चार्जिंग ज्याला सगळ्यात सोपं तोच पेट्रोलवर राहतो. आणि ज्याच्या पार्किंगला प्लग नाही, त्याच्या बजेटमध्ये हायब्रिड बसत नाही. हे उलटं गणित कंपन्यांनी आधी सोडवावं.

एका विजेच्या गाडीच्या बॅटरीत किती हायब्रिड होतात?

टाटाच्या विजेच्या नेक्सॉन ईव्हीची मोठी बॅटरी ४५ युनिटची, ग्रँड व्हिटारा हायब्रिडची ०.७६ युनिटची. ४५ ला ०.७६ ने भागा, ५९ येतात. १,००० किलोमीटरला साधी पेट्रोल गाडी १४ च्या ॲव्हरेजने ७१ लिटर पिते, हायब्रिड २० च्या ॲव्हरेजने ५०. म्हणजे ५९ हायब्रिड मिळून साडेबाराशे लिटरच्या आसपास वाचवतात आणि ती एक विजेची गाडी ७१ लिटर. टोयोटा हाच मुद्दा वर्षानुवर्षं मांडत आली आहे आणि हिशेबात चूक नाही.

पण हा हिशेब लागू होतो बॅटरीचा तुटवडा असेल तेव्हा. २०१० पासून बॅटरीची किंमत नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली आहे. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) जातीच्या बॅटरीत निकेल आणि कोबाल्ट लागतच नाही. आज अडचण येते ती मोटरमधल्या चुंबकांची. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि तसलं चुंबक हायब्रिडच्या मोटरलाही लागतं. त्या बाबतीत दोघी एकाच नावेत आहेत.

आपली वीज तर कोळशाची. मग विजेची गाडी स्वच्छ कशी?

रास्त प्रश्न आहे. देशात एक युनिट वीज बनवताना सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो. नेक्सॉनएवढी गाडी भिंतीतून १०० किलोमीटरला साधारण १६-१७ युनिट ओढते, म्हणजे ११ ते १२ किलो. २० चा ॲव्हरेज देणारी हायब्रिड पाच लिटर पिते, म्हणजे साडेअकरा किलो. विजेत तारांमधली गळती धरा, पेट्रोलमध्ये शुद्धीकरण आणि टँकरची वाहतूक धरा, तरी दोघी जवळपास बरोबरीत सुटतात. साधी पेट्रोल गाडी मात्र १६ किलोच्या वर जाते.

फरक पडतो पुढच्या दहा वर्षांत. ग्रिडमध्ये, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यात, सौर आणि पवन वाढेल तशी आज घेतलेली विजेची गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. हायब्रिड पहिल्या दिवशी जेवढा धूर सोडते तेवढा शेवटपर्यंत सोडणार.

‘आमच्या साताऱ्यात कोयना आहे, चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत, आमची वीज स्वच्छच’ असंही बरेच जण म्हणतात. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आहे हे खरं, पण ती वीज सगळ्या ग्रिडमध्ये मिसळते. साताऱ्याच्या प्लगला वेगळी येत नाही. तुमच्या हक्काची स्वच्छ वीज म्हणजे तुमच्या छपरावरची. एक किलोवॅट सोलर दिवसाला साधारण चार युनिट देतो. महिना हजार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दीड किलोवॅट पुरतो. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला कमाल ७८ हजारांचं अनुदान आहे, त्यात घर आणि गाडी दोन्ही भागतात.

महिन्याचा खर्च किती पडतो?

महिना १,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये, घरची वीज १२ रुपये युनिट आणि रस्त्यावरचा फास्ट चार्जर सगळे कर धरून २४ रुपये युनिट, असं धरू. तुमचे दर टाकून पुन्हा मांडून बघा.

साधी पेट्रोल: ७,५०० रुपये.
स्ट्राँग हायब्रिड: ५,२५० रुपये.
विजेची, घरी चार्ज: २,००० रुपये.
विजेची, फक्त बाहेर चार्ज: ३,७०० रुपये (फास्ट चार्जरवर गाडीतल्या चार्जरची घट नसते, म्हणून युनिटं थोडी कमी).

हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा अडीच लाख जास्त मोजले असतील, तर महिना सव्वादोन हजारांच्या बचतीने ते वसूल व्हायला नऊ वर्षं लागतात. रनिंग दुप्पट असेल तर साडेचार. म्हणून महिना हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याला हायब्रिड परवडते असं आम्ही सांगत नाही.

विजेच्या बाजूलाही एक खाच आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. घरचे १५० युनिट अधिक गाडीचे १६५, म्हणजे तुम्ही ३०० च्या वर जाता आणि वरची युनिटं महाग पडतात. सध्याचं बिल काढून तो टप्पा आधी बघा.

करात आणि टोलमध्ये काय फरक आहे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, चार मीटरच्या वरच्या किंवा १,२०० सीसीच्या पुढच्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के, आणि त्या मापाची हायब्रिडही त्याच ४० टक्क्यांत. तीस टक्के पेट्रोल वाचवणारी गाडी आणि न वाचवणारी गाडी एकाच तागडीत, हे आम्हाला पटत नाही.

टोलचं लक्षात ठेवा: महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या कारना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर माफी आहे. आणेवाडी आणि तासवडे हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत. तिथे फास्टॅगमधून पैसे कापले जाणारच.

घरी चार्जिंगची सोय करताना नेमकं काय करायचं?

आधी गरज मोजा. रोज ४० किलोमीटर म्हणजे सहा-सात युनिट. १६ अँपिअरच्या तीन पिनच्या पॉवर प्लगवर तीन किलोवॅटने ते दोन-सव्वादोन तासांत भरतात. ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बहुतेकांना लागतच नाही. ४५ युनिटची बॅटरी जवळजवळ रिकामी करून रोज रात्री भरणाऱ्याला तो लागतो. पॉवर प्लगवर त्याला १५ तास जातील, मोठ्या चार्जरवर साडेसहा.

पॉवर प्लगसाठी मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा, ४ स्क्वेअर एमएम तांब्याची, मध्ये जोड नको. ७.२ किलोवॅटला ६ स्क्वेअर एमएम, आणि अंतर जास्त असेल तर १०. त्या लाइनवर वेगळा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच), मोठ्या चार्जरला ४० अँपिअरचा, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. ही आरसीसीबी टाइप ए मागा; दुकानदार सवयीने टाइप एसी देतो आणि गाडीच्या गळतीतला डीसी अंश तिला कळत नाही.

सगळ्यात जास्त जळतो तो सॉकेट. गीझर त्याच सॉकेटवर चालतो, मग गाडी का नाही, असं वायरमनही विचारतात. गीझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी आठ-आठ तास सलग १३ अँपिअर ओढते. सॉकेटच्या मागचा एक स्क्रू अर्धा फेरा ढिला असला तरी तिथे उष्णता साठत जाते. पहिल्या रात्री तासाभराने प्लगला हाताची पाठ लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवा. फिक्या सॉकेटवर पिनेभोवती तपकिरी कडं दिसलं, तर सॉकेट बदला आणि वायरीचं करपलेलं टोक कापून नवीन जोडा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि अडॉप्टर अजिबात नको.

दुसरं दुखणं अर्थिंगचं. चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि लोक गाडीला दोष देतात. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजायला सांगा, तोही घरात लोड चालू असताना. दोन-तीन व्होल्ट ठीक, पाचच्या वर गेला तर अर्थिंग कच्चं. साताऱ्याकडच्या मुरमात ओल टिकत नाही, म्हणून जुना मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालत बसण्यापेक्षा खोल पाइप किंवा केमिकल अर्थिंग करून घ्या.

गावात संध्याकाळी डीपीवर लोड आला की व्होल्टेज उतरतो आणि चार्जर मध्येच बंद पडतो. टायमर रात्री ११ नंतरचा लावा. घरगुती स्टॅबिलायझर मध्ये घालू नका. तीन किलोवॅट तासन्‌तास ओढण्यासाठी तो बनवलेला नसतो. आणि बिलावरचा मंजूर भार बघा. तो दोन-तीन किलोवॅटचा असेल तर आधी महावितरणकडे वाढवून घ्या, मग चार्जर.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी चार्ज केली तर?

करू नका. ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्याला वापरली तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेती फिडरला एखादा फेज गेला की मोटारीसकट चार्जरही भाजतो.

फ्लॅट आहे, पार्किंगला प्लग नाही. आमच्यासाठी काय?

सोसायटीने ठराव करून दिला तर तुमच्या पार्किंगला वेगळं चार्जिंग कनेक्शन घेता येतं. त्याचा दरगट वेगळा आहे. मीटररूमपासून केबल पाइपमधून न्यायची, सब-मीटर लावायचा, एवढंच काम. तिथे अडत असेल आणि तुम्ही फक्त बाहेरच्या चार्जरवर अवलंबून राहणार असाल, तर विजेची गाडी आज घेऊ नका. हायब्रिड तुमच्यासाठीच आहे, परवडली तर. नाही परवडली तर साधी सीएनजी घ्या आणि पार्किंगच्या ठरावाच्या मागे लागा.

घाटात कोण चांगलं? पसरणी, यवतेश्वर, कुंभार्ली आमच्या रोजच्या वाटा आहेत.

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाताना साधारण ५५० मीटर चढ आहे. माणसं-सामान धरून १,८०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला, रस्त्याचा नेहमीचा खर्च सोडून, २.७ युनिट ऊर्जा लागते. मोटरमधली घट धरली की तीन. सपाटीवर एवढ्यात अठरा-वीस किलोमीटर झाले असते. म्हणून घाट चढताना रेंज भसाभस उतरलेली दिसते. घाबरू नका, उतारावर त्यातलं साठ-पासष्ट टक्के परत मिळतं.

हायब्रिडची गंमत इथे कळते. उताराची वीज दीड-पावणेदोन युनिट, आणि तिच्या बॅटरीत प्रत्यक्ष वापरायची जागा अर्ध्या युनिटच्याही आत. पाचगणी सोडून पहिली काही वळणं घेतली की बॅटरी भरते. त्यानंतर ब्रेकची वीज जायला जागा नाही. सगळा भार ब्रेक पॅडवर येतो आणि वाईत उतरेपर्यंत चाकांतून जळका वास येतो. उपाय सोपा आहे: उतार सुरू होताच गिअर ‘बी’वर टाका. मग गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग रोखते. इंजिन ओरडतं, पेट्रोल जळत नाही.

विजेच्या गाडीचा सापळा वेगळा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी आंबेनळी किंवा पसरणी उतरायला लागलात, तर भरलेली बॅटरी वीज परत घेत नाही. सवयीने पेडल सोडता आणि गाडी अडत नाही, पळतच राहते. वर मुक्काम असेल तर चार्ज ८५ टक्क्यांवर थांबवा.

सांगली-पुणे आणि पुढे मुंबई, विजेच्या गाडीने होतं का?

होतं, पण न थांबता नाही. पेठनाक्यावरून सांगली-पुणे अंतर २३५ किलोमीटरच्या घरात आहे. ४५ युनिटची गाडी महामार्गावर ९०-१०० च्या वेगाने खरी अडीचशे किलोमीटर जाते, आणि मध्ये खंबाटकी घाट आहे. कागदावर जमतं, प्रत्यक्षात पोटात गोळा येतो. कराड ते सातारा या पट्ट्यात वीस-पंचवीस मिनिटं थांबा, चहा होतो आणि गाडीही. ८० टक्क्यांच्या पुढे बसू नका. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासएवढा वेळ जातो.

६० किलोवॅट लिहिलेल्या चार्जरला दोन गन (केबलच्या टोकाला असलेले, गाडीत लावायचे प्लग) असतील आणि दुसरी गाडी लागलेली असेल, तर तुम्हाला बऱ्याचदा ३० च मिळतात. गन जड असते, स्वतःच्या वजनाने खाली झुकते आणि पिना पूर्ण बसत नाहीत. स्क्रीनवर एरर आला तर गन काढा, पुन्हा लावा आणि चार्जिंग सुरू होईपर्यंत हाताने थोडी वर उचलून धरा. खटकन लॉक पडला की सोडा. तरीही नाही झालं तर लाल इमर्जन्सी बटण कोणी दाबून ठेवलंय का ते बघा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप आणि त्यांत पैसे घरूनच भरून निघा.

आठवड्यातून तीनदा सांगली-मुंबई करणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही आज हायब्रिडच सांगू. सणाच्या रविवारी संध्याकाळी चार्जरपुढची रांग त्याला परवडणारी नाही.

महापुरात गाडी बुडाली तर?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, त्यामुळे हा प्रश्न इथे गंभीरच आहे. विजेच्या गाडीची बॅटरी बहुधा आयपी६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दोन दिवस पुरात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. हायब्रिडमध्ये बॅटरीची हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून घेतली जाते. केबिनमध्ये पाणी आलं की ते बॅटरीपर्यंत पोहोचतं.

बुडालेली गाडी, कोणतीही असो, चालू करू नका आणि चार्जरला लावू नका. चाकं न फिरवता सपाट ट्रकवर चढवून न्या. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. घरापासून आणि गोठ्यापासून १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवा; ओल्या बॅटरीतून आठवड्यानेही धूर येऊ शकतो. पाणी ओसरण्याआधी काचेवरच्या पातळीचे फोटो काढा, विम्याला लागतात. पॉलिसीत बॅटरी आणि पाणी शिरण्याचं वेगळं कव्हर आहे का, हे जूनच्या आत बघून ठेवा.

गाडी अचानक मेली. मोठी बॅटरी तर भरलेली आहे!

दहापैकी बऱ्याच वेळा दोषी असते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. मोठ्या बॅटरीचं कनेक्शन जोडणारा रिले तिच्यावरच चालतो. ती उतरली की दरवाजाही उघडत नाही. गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल, तर मध्ये एकदा अर्धा तास ‘रेडी’ मोडमध्ये ठेवा. १२ व्होल्टला बाहेरून स्टार्ट देता येतो, पण आपल्या विजेच्या किंवा हायब्रिड गाडीवरून दुसऱ्याच्या डिझेलला स्टार्ट देऊ नका.

गावातला मिस्त्री हायब्रिड दुरुस्त करेल का?

ब्रेक, सस्पेन्शन, ऑइल, बेअरिंग, जरूर. नारिंगी, म्हणजे मोठ्या व्होल्टेजची, वायर दिसली की हात मागे. काम करणाऱ्याने सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा खटका) काढून किमान दहा मिनिटं थांबायला हवं, कारण इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ वीज राहते. रबरी हातमोजे १,००० व्होल्टचे, आणि घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून हवा कुठून निघत नाही ना हे बघायचं.

मालकाने करायचं काम एकच. मागच्या सीटजवळची जाळी मोकळी ठेवा. तिच्यावर पिशव्या, चादरी, उसाच्या वाड्याचा कचरा साचला की पंखा ओरडतो आणि बॅटरी तापते. मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्यांनी दर सर्व्हिसिंगला तो फिल्टर काढून दाखवायला सांगावा.

इथे ऊस आहे, इथेनॉल आहे. इथेनॉलवर चालणारी हायब्रिडच आपल्याला बरी नाही का?

२९ ऑगस्ट २०२३ ला नितीन गडकरींनी इनोव्हा हायक्रॉसचा फ्लेक्स-फ्युएल हायब्रिड नमुना दाखवला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. कल्पना वाईट नाही. पण एका एकराचा हिशेब करा. एकरी ४० टन ऊस, टनाला थेट रसापासून सुमारे ७० लिटर, म्हणजे २,८०० लिटर इथेनॉल. त्यात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा, म्हणून हायब्रिड त्यावर ३७ हजार किलोमीटर जाईल. त्याच एकरात सुमारे २०० किलोवॅट सोलर बसतो, वर्षाला तीन लाखांच्या आसपास युनिट. विजेची गाडी त्यावर सतरा-अठरा लाख किलोमीटर जाते. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, होणारी वीज उसाच्या बाजूने धरा, तरी तराजू फारसा हलत नाही.

ऊस लावू नका असं यातून निघत नाही. कारखान्याचा इथेनॉल ई-२० मधून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधून, आजच्या पेट्रोल गाड्यांत जातोच आहे आणि शेतकऱ्याचा हप्ता त्यावर अवलंबून आहे. ‘इथेनॉल आहे म्हणून वीज नको’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

इंजिन गेलं तर कुपवाड, सातारा एमआयडीसी आणि शिरोलीच्या फाउंड्रींचं काय?

हायब्रिडच्या बाजूचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तो आम्ही मनापासून मानतो. हायब्रिडमध्ये ब्लॉक, हेड, क्रँक, लायनर, एक्झॉस्ट सगळं राहतं. विजेच्या गाडीत ते जातं. ब्रेक डिस्क, हब, नकल राहतात आणि मोटर-इन्व्हर्टरची अ‍ॅल्युमिनियमची घरं नव्याने येतात. बिडाची भट्टी लावलेल्या कारखान्याला प्रेशर डाय-कास्टिंगकडे (वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम दाबाने साच्यात भरणं) वळायला नवीन मशीन, नवीन साचे, नवीन कर्ज लागतं. सध्याच्या कर्जाचे हप्ते चालू असताना ते रात्रीत होत नाही. म्हणून कंपन्यांनी हायब्रिड ठेवावी, आणि ती कोणत्या वर्षी थांबणार हे सुट्या भागांच्या पुरवठादारांना आजच लेखी सांगावं. तारीख कळली तर माणूस तयारी करतो.

जगात कंपन्या काय करत आहेत?

माघार आणि पुढाकार, दोन्ही. व्होल्वोने २०३० पर्यंत पूर्ण विजेवर जाण्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्लग-इन हायब्रिडला जागा ठेवली. फोर्डने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन रांगांची विजेची एसयूव्ही रद्द करून हायब्रिडकडे मोर्चा वळवला. बीवायडीने मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बंद केल्या, पण प्लग-इन हायब्रिड आणि विजेच्या दोन्ही ठेवल्या. नॉर्वेत २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के पूर्ण विजेच्या होत्या. तिथे बहुतेक वीज धरणांची. आपल्याकडे टाटा आणि महिंद्रा विजेवर, टोयोटा आणि होंडा हायब्रिडवर, आणि मारुतीने ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातेत हंसलपूरला विजेच्या ई-व्हिटाराचं उत्पादन सुरू करताना त्याच दिवशी हायब्रिडच्या बॅटरीचे इलेक्ट्रोडही देशात बनवायला घेतले.

जुनी विजेची किंवा हायब्रिड गाडी घेताना काय बघायचं?

विजेची असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा कागद घ्या. तो नसेल तर १०० टक्के भरून सातारा ते कराड आणि परत अशी फेरी मारा. १०० किलोमीटरच्या आसपास होते. किती टक्के उतरली ते लिहा, गाडीने दाखवलेला युनिटचा खर्च लिहा, आणि खर्चलेली युनिटं भागिले उतरलेली टक्केवारी गुणिले शंभर, असं करून बॅटरीत आज किती मावतं ते काढा. ४५ ची बॅटरी ३८ दाखवत असेल तर भाव त्याप्रमाणे. एलएफपी बॅटरीचा टक्क्यांचा आकडा भरकटतो, म्हणून ही चाचणी पूर्ण १०० पासूनच करा.

हायब्रिड असेल तर गाडी सकाळी थंड असताना बघा. मागच्या पंख्याचा आवाज, जाळीतली धूळ, सीटखाली पुराच्या गाळाची रेघ, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर चिखलाचा डाग. बॅटरीची वॉरंटी बहुधा आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर असते. किती उरली आणि ती दुसऱ्या मालकाला मिळते का, हे पुस्तिकेत वाचूनच टोकन द्या.